पलक्सी नदीच्या पात्रातली पावले

अमेरिकेला जाऊन आलेली आपली माणसे न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, नायगाराचा धबधबा आणि वॉशिंग्टनमधले राष्ट्राध्यक्षांचे घर यांचे फोटो हौसेने दाखवतात. टेक्सास राज्यातल्या ग्लेन रोझ या गावाचे नाव मात्र त्यांच्या तोंडी क्वचितच येते. गाव लहान, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. फोर्ट वर्थ शहराच्या नैर्ऋत्येला मोटारीने तास-सव्वा तासाच्या अंतरावर. गावाजवळून पलक्सी नावाची नदी वाहते आणि पुढे ब्राझोस या मोठ्या नदीला मिळते. नदी म्हणायची ती पावसात. उन्हाळ्यात तिचा आपल्याकडच्यासारखा ओढा होतो.

पण या ओढ्याच्या कातळावर जगप्रसिद्ध पावले उमटलेली आहेत, आणि त्याच पावलांवरून एक मोठा वाद पन्नास-साठ वर्षे गाजला. मनुष्य आणि डायनोसॉर एकाच काळात, एकाच चिखलात चालत होते, असा दावा इथे केला गेला. त्या दाव्याचे पुढे काय झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. डॅलसमध्ये नोकरीला असलेल्या पुतण्याच्या कुटुंबाबरोबर हे ठिकाण पाहण्याचा योग आला, म्हणून वाचकांना तिथली हकिगत सांगतो.

कातळावरचा माग

गावापासून चार मैलांवर ‘डायनोसॉर व्हॅली स्टेट पार्क’ हे सरकारी उद्यान आहे. १९७२ साली ते लोकांसाठी खुले झाले. आत शिरल्यावर दोन प्रचंड पुतळे दिसतात. एक लांब मानेचा, शाकाहारी. दुसरा मोठ्या जबड्याचा टायरॅनोसॉरस. मुलांची तिथेच झुंबड उडते. हे पुतळे मूळचे इथले नव्हेत. १९६४-६५ साली न्यूयॉर्कला भरलेल्या जागतिक मेळ्यासाठी सिंक्लेअर या तेल कंपनीने ते करवून घेतले होते. त्यांच्यासमोर फोटो काढून बरेच लोक तृप्त होतात. खरी दौलत मात्र खाली नदीत आहे.

पायऱ्या उतरून पात्रात गेले की फिकट करड्या चुनखडीचा सपाट कातळ लागतो. त्यावर तीन बोटांची खोल पावले एकापुढे एक गेलेली आहेत. कोंबडीच्या पायाचा ठसा दीड-दोन फूट लांब केला तर जसा दिसेल तसा. हा माग दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरचा. शास्त्रज्ञ त्याला अ‍ॅक्रोकँथोसॉरस म्हणतात. उंची सुमारे १५ फूट, वजन सात टनांच्या जवळपास. दुसऱ्या जागी घमेल्यापेक्षा मोठे गोलसर खड्डे आहेत. ते लांब मानेच्या, चार पायांच्या शाकाहारी जनावराचे. खड्ड्यात पाणी साठलेले असते आणि लहान मासे फिरत असतात.

ही पावले सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीची. त्या वेळी इथे उथळ समुद्राचा किनारा होता. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चुन्याचा चिकट गाळ पसरलेला असे. त्यावरून जनावरे गेली, ठसे उमटले, ठसे थोडे वाळले आणि मग वेगळ्या जातीच्या मऊ मातीने ते झाकले गेले. वर थरावर थर साचत गेले. खालचा गाळ दगड झाला. लक्षावधी वर्षांनंतर नदीने वरची मऊ माती धुऊन नेली आणि खालचा कठीण थर ठशांसह उघडा पडला. २०२२ च्या मोठ्या दुष्काळात नदी आटली, तेव्हा एरवी पाण्याखाली आणि गाळाखाली असणारे किती तरी माग लोकांना पाहायला मिळाले.

पोटासाठी घडवलेली पावले

१९०८ साली पलक्सीला मोठा पूर आला. त्या पुराने पात्र खरवडून काढले. पुढच्याच वर्षी शाळा चुकवून भटकणाऱ्या एका मुलाला तीन बोटांची पावले दिसली, आणि त्याच्या मास्तरांनी ती डायनोसॉरची असल्याचे ओळखले, असे उद्यानातर्फे सांगितले जाते. त्याच सुमारास मासे धरायला गेलेल्या गावकऱ्यांना लांबुळके ठसेही दिसले. गावात त्यांना ‘राक्षसी माणसाची पावले’ म्हणू लागले. गावोगावच्या कातळांवर कुणाकुणाची पावले दाखवली जातात, तसाच हा प्रकार. त्यात तेव्हा कुणाचा काही डाव नव्हता.

मग आली १९३० च्या दशकातली महामंदी. कामे बंद, पिकाला भाव नाही, घरात खाणारी तोंडे अनेक. काही गावकऱ्यांनी नदीतून डायनोसॉरची पावले छिन्नीने काढून वाटसरूंना विकायला सुरुवात केली. चांगली पावले काढायला अवघड, म्हणून काहींनी सुट्या दगडांवर नवी कोरली. डायनोसॉरची कोरली, आणि माणसाची कोरली तर गिऱ्हाईक जास्त खूष होते, हेही त्यांच्या ध्यानात आले. पुढे गावातल्या लोकांनीच हे सांगितले आहे. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याने दगडाला छिन्नी लावली, याबद्दल मला त्याचा राग येत नाही. पण त्या दगडाचा पुढे कुणी काय उपयोग केला, ते पाहायलाच हवे.

१९३८ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा एक माणूस, रोलँड बर्ड, न्यू मेक्सिकोमधल्या गॅलप या गावी आला. तिथल्या एका दुकानात त्याला माणसाच्या आकाराची, पण सुमारे पंधरा इंच लांबीची दगडी पावले दिसली. बर्डची नजर सरावलेली होती. पावले कोरीव आहेत हे त्याने ओळखले. तरीही, खोटे कोरणाऱ्याने नमुना म्हणून खरे काहीतरी पाहिले असणार, असा विचार करून तो माग काढत ग्लेन रोझला पोहोचला. तिथे कोर्टाच्या आवारात, वाजंत्री बसण्याच्या चौथऱ्यात, तीन बोटांचे एक अस्सल पाऊल बसवलेले त्याला दिसले. मग तो नदीत उतरला आणि गाळ उपसताना त्याला लांब मानेच्या अजस्र जनावराचा माग सापडला. १९४० साली मजुरांच्या मदतीने त्याने तो माग तुकड्या-तुकड्यांनी काढला. त्यातला एक भाग आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात अपॅटोसॉरसच्या सांगाड्यामागे मांडलेला आहे. खोट्या पावलाचा माग काढता काढता खरे हाती लागले, ते असे.

दाव्याचा प्रवास

ख्रिस्ती धर्मातल्या काही पंथांची अशी श्रद्धा आहे की पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी सहा दिवसांत निर्माण केली गेली आणि सारी प्राणिसृष्टी तेव्हाच आली. आयर्लंडमधले आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधल्या वंशावळी मोजून हे साल इसवी सनापूर्वी ४००४ असे काढले होते. सगळे ख्रिस्ती हे मानत नाहीत. अनेक धर्मगुरू आणि धार्मिक शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय अब्जावधी वर्षे असल्याचे निःसंकोच मान्य करतात. पण जे सहा हजार वर्षे मानतात, त्यांना डायनोसॉरची अडचण होते. माणूस आणि डायनोसॉर बरोबर होते असे दाखवता आले, तर त्यांच्या दृष्टीने भूशास्त्राची सारी इमारतच कोसळणार होती. म्हणून त्यांना ग्लेन रोझ हवे होते.

१९५० साली क्लिफर्ड बर्डिक यांनी एका धार्मिक नियतकालिकात या पावलांवर लेख लिहिला. १९६१ साली व्हिटकोंब आणि मॉरिस यांच्या ‘द जेनेसिस फ्लड’ या गाजलेल्या पुस्तकात ती पावले आली. १९७२ साली त्यावर ‘फूटप्रिंट्स इन स्टोन’ नावाचा चित्रपट निघाला. तो चर्चमध्ये आणि शाळांमध्ये दाखवला गेला. पडद्यावर पाऊल दिसते, त्यावर माणूस आपले अनवाणी पाऊल ठेवतो, आणि ते बसते! पाहणाऱ्या साध्या माणसाने शंका कशावर घ्यायची?

आमच्याबरोबर पुतण्याची मुलगी होती, वय वर्षे दहा. नदीत उतरल्या उतरल्या तिने विचारले, “आजोबा, माणसाचं पाऊल कुठं आहे? माझी मैत्रीण म्हणते, ते इथंच आहे. तिनं पुस्तकात पाहिलंय.”

मी म्हटले, “आपण शोधू. पण सापडलं तर ते माणसाचंच आहे हे कशावरून म्हणायचं, ते आधी ठरव.”

ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, “पाच बोटं पाहिजेत. टाच पाहिजे. आणि एकच पाऊल असून चालणार नाही. उजवं, डावं, उजवं, डावं, असं पाहिजे.”

याहून चांगली कसोटी मोठ्या माणसालाही सुचली नसती. कातळावर तिला पावलासारखे खळगे चार-पाच दिसले. एकालाही बोटे नव्हती आणि पुढे त्याची जोडी नव्हती. वाहत्या पाण्याने दगड झिजून असे खळगे पडतात. काही जुन्या छायाचित्रांत अशाच खळग्यांपैकी हवा तेवढा भाग ओला करून किंवा रंगवून पाऊल उठवलेले आहे.

शंका घेणाऱ्यांची चिकाटी

हा दावा कुणी मोडला, हे सांगताना एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. पहिला मोठा धक्का धार्मिक संस्थेतूनच बसला. कॅलिफोर्नियातले लोमा लिंडा विद्यापीठ हे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे. तिथल्या बर्नी न्यूफेल्ड यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या पावलांचा पुरावा टिकत नाही असे स्पष्ट लिहिले. त्यांनी माणसाच्या म्हणून विकल्या गेलेल्या दगडांचे काप तपासले होते.

काप कशासाठी? गृहिणींना हे लगेच कळेल. कणकेचे दोन गोळे घ्या. एकात हळद घाला. पांढरी-पिवळी, पांढरी-पिवळी अशा पातळ पोळ्या एकावर एक ठेवा. एका बाजूला अंगठा दाबा. दुसऱ्या बाजूला चमच्याने तेवढाच खळगा कोरा. वरून दोन्ही सारखे दिसतील. आता सुरीने दोन्ही खळगे मधोमध कापा. अंगठ्याखालचे थर वाकून खाली गेलेले दिसतील. कोरलेल्या खळग्यात थर सरळ येऊन कडेला तुटलेले दिसतील. दगडाचेही तसेच आहे. न्यूफेल्ड यांच्या हातातल्या दगडांत थर तुटलेले होते.

पण नदीतल्या लांबुळक्या ठशांचे काय? ते कुणी कोरलेले नव्हते. ते कोडे ओहायो राज्यातल्या ग्लेन कुबान यांनी सोडवले. १९८० पासून ते वर्षानुवर्षे नदीत येत राहिले, गाळ काढत राहिले, मापे घेत राहिले. टेक्सासमधले शाळामास्तर रॉनी हेस्टिंग्ज यांचीही त्यांना साथ होती. १९८४ साली त्यांना कातळ स्वच्छ केल्यावर त्या लांबुळक्या ठशांपुढे रंगाचे पट्टे दिसले. निळसर करडे, कुठे गंजासारखे तांबूस. ते पट्टे तीन बोटांच्या आकाराचे होते!

उलगडा असा झाला. डायनोसॉर एरवी बोटांवर चालत. पण कधी कधी, कदाचित मऊ गाळात, ते बोटांमागचा लांब तळवाही खाली टेकवत. त्यामुळे ठसा लांबुळका होई. बोटांचे ठसे उथळ असत. त्यांत लवकरच वेगळ्या रंगाची माती भरली आणि तिचाही दगड झाला. बोटे बुजली, मागचा तळवा खोलगट राहिला. वरवर पाहणाऱ्याला बोटे नसलेले दीड फुटी ‘मानवी’ पाऊल दिसले. बोटे तिथेच होती, फक्त भरून निघालेली.

कुबान यांनी हे एका शास्त्रीय मासिकात छापून विषय संपवला नाही. १९८५ साली त्यांनी दावा करणाऱ्यांनाच नदीवर बोलावले. चित्रपट काढणाऱ्या संस्थेचे लोक आले, सृष्टिनिर्मितीवादी संशोधन संस्थेचे जॉन मॉरिस आले. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी रंगीत बोटे पाहिली. चित्रपट वितरणातून काढून घेण्यात आला. १९८६ च्या जानेवारीत मॉरिस यांनी लिहून टाकले की यापुढे पलक्सीचे ठसे उत्क्रांतीविरुद्ध पुरावा म्हणून वापरणे योग्य होणार नाही. मॉरिस यांनी स्वतः १९८० साली या पावलांवर पुस्तक लिहिले होते. आपली बाजू पडते आहे हे दिसल्यावर मागे येण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पुढे ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या मोठ्या सृष्टिनिर्मितीवादी संस्थेनेही हा युक्तिवाद वापरू नका असा सल्ला आपल्या लोकांना दिला.

शेजारचे दुसरे संग्रहालय

तरीही दावा मेला नाही. उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच ‘क्रिएशन एव्हिडन्स म्युझियम’ आहे. कार्ल बॉ यांनी १९८४ मध्ये ते सुरू केले. माणूस आणि डायनोसॉर एकत्र होते हे तिथे आजही शिकवले जाते. २००८ साली तिथून एका नव्या दगडाची बातमी फुटली. एका हौशी संग्राहकाला तो २००० साली सापडला होता. त्यावर माणसाचे पाऊल आणि त्यावर चढलेले तीन बोटांचे पाऊल, असे दोन ठसे. दगडाचे रुग्णालयात काढतात तसे सीटी स्कॅनही काढले गेले.

आता वाचकांनी स्वतः विचार करावा. दगड सुटा. तो कुठल्या थरात, कुठल्या जागी होता, आजूबाजूला काय होते, मागे-पुढे पाऊल होते का, याची कुणी नोंद केली नाही, कुणी साक्षीदार भूशास्त्रज्ञ नाही. पावलाचा आकार खऱ्या पावलाशी नीट जुळत नाही, आणि स्कॅनमध्ये दिसणारे दाट भाग ठशाच्या आकाराबरोबर जात नाहीत, असे तपासणाऱ्यांनी दाखवले. ‘सीटी स्कॅन’ हा शब्द ऐकला की आपण दबतो. पण यंत्र खरे असले म्हणजे त्यावर ठेवलेली वस्तू खरी होत नाही.

आणखी एक साधा प्रश्न. हे सारे थर एका जगबुडीत साचले, असे त्यांचे म्हणणे. ग्लेन रोझला पावले एकाच नव्हे, वेगवेगळ्या थरांत आहेत. पूर काय करतो हे आपल्या नदीकाठच्या वस्त्यांना कुणी शिकवायला नको. साऱ्या पृथ्वीवर पाणी चढलेले असताना जनावरे सावकाश चालत किनाऱ्यावरून गेली, ठसे वाळले, झाकले गेले, पुन्हा दुसरी जनावरे वरच्या गाळावरून आली, हे कसे व्हावे?

आपल्या मातीतली साक्ष

डायनोसॉर म्हटले की अमेरिका आठवते. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. त्या भागातल्या जीवाश्मांची माहिती जगापुढे आणणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हे नाव महत्त्वाचे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. हे गृहस्थ धर्मप्रचारक पाद्री होते. पण दगडात दिसले ते त्यांनी दिसले तसे लिहून ठेवले. २००५ साली पिसदुऱ्याच्याच विष्ठेच्या दगडांत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते अशी तोवर शास्त्रज्ञांची समजूत होती. पुरावा आला तशी त्यांनी ती बदलली. शास्त्राला आपले चुकले म्हणण्यात कमीपणा वाटत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

परतताना मोटारीत नातीने विचारले, मैत्रिणीला काय सांगू? ती खोटं बोलली असं म्हणू का? तिच्या आईने उत्तर दिले ते मला पटले. ती म्हणाली, मैत्रीण खोटे बोललेली नाही. तिला सांगितले ते तिने सांगितले. तू तिला हसू नकोस. उद्या कणीक घेऊन बस तिच्याबरोबर.

मुलांना प्रश्न विचारायला शिकवणे याचा अर्थ उद्धटपणा शिकवणे नव्हे. शाळेत, बाजारात, उद्या नोकरीच्या ठिकाणी, औषधाच्या दुकानात, आपल्या मुलांपुढे ‘वैज्ञानिक पुरावा’ असे लिहिलेल्या अनेक पाट्या येतील. कष्टाचे पैसे आणि त्याहून मोलाचा विश्वास त्यांनी कुठे टाकायचा, ते या सवयीवर ठरेल. वस्तू कुठे सापडली, कुणी पाहिली, जोडी आहे का, कापून पाहिली का, विरुद्ध बाजूच्या माणसाला दाखवली का, एवढे पाच प्रश्न पुरतात.

कुणाचे नातेवाईक त्या बाजूला असतील आणि जाणे झालेच, तर उन्हाळ्याच्या शेवटी जावे. तेव्हा पाणी कमी असते. निघण्यापूर्वी उद्यानाच्या कार्यालयात फोन करून पात्राची स्थिती विचारावी. कातळ निसरडा असतो, म्हणून पकड असलेल्या चपला घालाव्यात आणि लहान मुलांचा हात सोडू नये. ठशांवर काही ओतू नये, खरवडू नये. ज्या पाण्याने ती पावले उघडी केली, तेच पाणी दर पुराला त्यांना थोडे थोडे झिजवते आहे.